शब्दाचा शेजार

रविवारी सकाळी साडेसातला कोथरूडच्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावरचे चहाचे कप बाजूला सरकतात आणि चार मुलं एका कागदावर वाकतात. कागदावर इंग्रजीतलं एकच वाक्य असतं, अडीच-तीन ओळींचं. त्यात एक जागा गाळलेली आणि खाली पाच पर्याय. माझा नियम एवढाच की पर्याय झाकायचे. कुणी तळहातानं झाकतं, कुणी वहीनं. तळेगावहून लोकलनं येणारा मुलगा रेल्वेच्या पासानं झाकतो. मग त्या रिकाम्या जागेत आधी आपला शब्द लिहायचा. इंग्रजी सुचला तर इंग्रजी, नाहीतर सरळ मराठी.

परवाचं वाक्य मराठीत सांगायचं तर असं होतं: ‘समीक्षकांनी त्या कादंबरीचं कौतुक केलं खरं, पण ते ____ कौतुक होतं: भाषेला सगळ्यांनी दाद दिली आणि शेवट फसला आहे हेही सगळ्यांनीच लिहिलं.’ एकीनं लिहिलं ‘अर्धवट’. एकानं ‘खोटं’. तळेगावच्या मुलानं ‘मोजकं’. माझ्या भाचीनं पेन्सिल दातात धरून थोडा विचार केला आणि लिहिलं, ‘हातचं राखून’.

हात बाजूला झाले. पर्याय होते एफ्युसिव्ह, युनॅनिमस, स्प्युरियस, प्रीमॅच्युअर आणि क्वालिफाइड. एफ्युसिव्ह म्हणजे भरभरून. ते ‘पण’ या शब्दापाशीच गळतं. ‘सगळ्यांनी’ हे दोनदा आल्यामुळे एकमतानं या अर्थाच्या युनॅनिमसवर दोघांची बोटं गेली. ‘खोटं’ लिहिणाऱ्यानं स्प्युरियस धरलं. क्वालिफाइडकडे कुणी पाहिलंच नाही. “मावशी, क्वालिफाइड म्हणजे पात्र ना? क्वालिफाइड डॉक्टर. कौतुक कसं क्वालिफाइड असेल?” भाचीनं विचारलं. आणि तिच्याच कागदावर उत्तर पडलेलं होतं. अटी घालून, मर्यादा सांगून केलेलं कौतुक म्हणजे क्वालिफाइड कौतुक. हातचं राखून केलेलं. अर्थ तिनं अचूक ओळखला होता. अर्थ ज्या शब्दात राहत होता त्या शब्दाचं हे दुसरं दार मात्र तिनं कधी उघडलं नव्हतं.

ही मुलं जीआरईची तयारी करताहेत. परदेशात, मुख्यतः अमेरिकेत, पदव्युत्तर शिक्षणाला जाण्यासाठी द्यायची ही परीक्षा पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना गेली कित्येक वर्षं ओळखीची आहे. सप्टेंबर २०२३ पासून ती आखूड झाली. सगळी मिळून १ तास ५८ मिनिटं, त्यात इंग्रजीचे २७ प्रश्न ४१ मिनिटांत. पहिल्या भागात १२, दुसऱ्यात १५, आणि पहिला भाग कसा गेला त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. प्रश्नांपैकी जवळपास निम्मे उताऱ्यांवरचे आणि उरलेले या गाळलेल्या जागांचे. एका वाक्यात किंवा छोट्या परिच्छेदात एक, दोन किंवा तीन जागा रिकाम्या असतात. तीन असतील तर प्रत्येकीला तीन पर्याय. तिन्ही बरोबर आले तरच गुण, दोन बरोबर आले तर शून्य. दुसऱ्या प्रकारात जागा एकच आणि पर्याय सहा. त्यातले दोन निवडायचे आणि दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच झाला पाहिजे. मुलं इथे समानार्थी जोडी हुडकत बसतात आणि फसतात, कारण वाक्यात न बसणारी एक समानार्थी जोडी तिथे मुद्दाम ठेवलेली असते.

मी ही परीक्षा दिली २००४ साली. तेव्हा ती वेगळी होती. ३० मिनिटांत इंग्रजीचे ३० प्रश्न, आणि त्यांतला मोठा वाटा सुट्या शब्दांचा. मोठ्या अक्षरांत एक शब्द, खाली पाच पर्याय, विरुद्धार्थी शब्द निवडा. नाहीतर शब्दांची एक जोडी द्यायची आणि तसंच नातं असलेली दुसरी जोडी शोधायला लावायची. वाक्य नाही, प्रसंग नाही, बोलणारं कुणी नाही. आम्ही त्याप्रमाणेच शिकलो. अप्पा बळवंत चौकातून जुनं गाईड आणलं होतं. त्यातली शब्दांची मुख्य यादी साडेतीन हजारांची. एका क्लासमध्ये रोज पन्नास शब्द पाठ करून यायला सांगत आणि फळ्याजवळ उभं करून विचारत. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांना अबेट, अबॅश, अ‍ॅबडिकेट, अ‍ॅबरंट हे ‘ए’चे शब्द अजून झोपेतही सांगता येतील, आणि ‘पी’ ते ‘झेड’ हा प्रदेश कायम धुक्यात राहिला, कारण तिथपर्यंत पोहोचेतो परीक्षा आलेली असे.

मी पाटण तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकले. इंग्रजी पाचवीपासून. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. आमच्या वेळी पाचवीच्या जूनमध्ये ‘एबीसीडी’ सुरू व्हायची. घरात इंग्रजीचं एकच पुस्तक होतं, वडिलांच्या वेळचा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचा भाग. त्यात एक गोष्ट होती जी पुढच्या गाईडांमध्ये मला सापडली नाही: ते वाक्यांतून शिकवायचं. मराठी वाक्य, त्याचं इंग्रजी. इंग्रजी वाक्य, त्याचं मराठी. वाक्यं साधी होती, पण त्यांत शब्दाला पाय टेकायला जमीन होती.

यादीनं माझं काय झालं ते सांगते. प्रवेशअर्जासोबत आपल्याविषयी एक निबंध द्यावा लागतो. मी स्थापत्य अभियांत्रिकीची, कोयनेच्या खोऱ्यातली. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणाला तडे गेले आणि नंतर ते मजबूत करण्यात आलं, हे लहानपणापासून घरी ऐकलेलं. त्यावरच लिहिलं, आणि त्या कामाला विशेषण लावलं ‘एग्रीजियस’. यादीत त्यापुढे अर्थ होता ठळक, उठून दिसणारा. कॉलेजातल्या एका सरांनी निबंध वाचला, त्या शब्दाखाली पेन्सिलनं रेघ ओढली आणि मला शेजारी बसवून इंग्रजी वर्तमानपत्रातली दोन-तीन वाक्यं दाखवली. एग्रीजियस चूक, एग्रीजियस अन्याय, नियमांचं एग्रीजियस उल्लंघन. लॅटिनमध्ये हा शब्द कळपातून वेगळा उठून दिसणारा या अर्थाचा, आणि इंग्रजीतही एकेकाळी चांगल्या अर्थानं चालायचा. आता तो फक्त वाईटाच्या संगतीत दिसतो. वेगळं दिसणं त्याच्यात अजून आहे, पण घोर वाईटपणामुळे वेगळं. ज्या कामाविषयी मला सगळ्यात जास्त आदर होता त्याला मी घोर वाईट म्हटलं होतं. यादीतला अर्थ खोटा नव्हता. त्या शब्दाची संगत तेवढी यादीत नव्हती.

यादी कुठून आली, ती घातली कुणी आणि काढली कुणी, हा इतिहास मला पुढे फार उद्बोधक वाटला. अमेरिकेतली महाविद्यालयीन प्रवेशाची सॅट परीक्षा पहिल्यांदा झाली २३ जून १९२६ रोजी. ८,०४० विद्यार्थी बसले होते. ९७ मिनिटांत ३१५ प्रश्न. शब्दांच्या व्याख्या होत्या, विरुद्धार्थी होते, जोड्यांचं नातं होतं. या परीक्षेमागे होते कार्ल ब्रिगम, प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या बुद्धिमापन चाचण्यांवर त्यांनी काम केलं होतं, आणि त्या आकड्यांवरून वंशावंशांची बुद्धी कमी-जास्त ठरवणारं पुस्तक १९२३ मध्ये लिहिलं होतं. १९३० मध्ये आपले ते निष्कर्ष निराधार असल्याचं त्यांनी स्वतःच मान्य केलं. पण सुट्या शब्दांचे प्रश्न टिकले. शब्द माहीत असणं म्हणजे बुद्धी असणं ही समजूतही टिकली. त्या समजुतीचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण म्हणजे सॅटमधली एक जोडी. धावपटूचं मॅरेथॉनशी जे नातं, तेच वल्हं मारणाऱ्याचं कशाशी? उत्तर होतं रेगाटा, म्हणजे नौकांची शर्यत. नदीकाठच्या श्रीमंत शाळांतल्या मुलांना हा शब्द ओळखीचा, बाकीच्यांनी कुठून आणायचा, असा वाद त्यावर झाला. नातं ओळखण्याची कुवत तपासायची होती आणि तपासला गेला शेजार.

विरुद्धार्थी शब्द सॅटमधून गेले १९९४ मध्ये. फेब्रुवारी २००१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष रिचर्ड अ‍ॅटकिन्सन यांनी सॅट सोडून देण्याचा प्रस्ताव मांडला. एका महागड्या खासगी शाळेत बारा वर्षांची मुलं पुढे कधीतरी द्यायच्या परीक्षेसाठी शब्दांच्या जोड्या घोकत बसलेली आपण पाहिली, असं त्यांनी त्या भाषणात सांगितलं होतं. २००५ मध्ये जोड्या गेल्या. २०१६ मध्ये जुन्या धाटणीची वाक्यपूर्ती गेली आणि उताऱ्यातल्या एखाद्या साध्या दिसणाऱ्या शब्दाचा तिथला नेमका अर्थ विचारला जाऊ लागला. आता संगणकावर आलेल्या सॅटमध्ये चार-पाच ओळींचा मजकूर देऊन त्यात सगळ्यांत तर्कसंगत आणि नेमका बसणारा शब्द निवडायला सांगतात. जीआरईनं सुटे विरुद्धार्थी आणि जोड्या १ ऑगस्ट २०११ ला सोडल्या. ही मोठी गोष्ट झाली असं माझं मत आहे. परीक्षा सोपी झाली नाही. पण आता ती ज्या गोष्टीची आहे, ती गोष्ट शिकण्यासारखी आहे.

आणि ही गोष्ट आपल्याकडे नवी मुळीच नाही. ‘सैंधव आण’ हे संस्कृत शास्त्रकारांचं लाडकं उदाहरण आहे. सैंधव म्हणजे सिंधू देशातला. मीठही सैंधव, घोडाही सैंधव. मालक जेवायला बसला असेल तर नोकर मीठ आणतो, निघायच्या तयारीत असेल तर घोडा. शब्द तोच, हुकूम तोच, अर्थ प्रसंगानं ठरतो. साधारण पाचव्या शतकातल्या भर्तृहरीनं ‘वाक्यपदीया’त अनेकार्थी शब्दाचा नेमका अर्थ कशाकशानं ठरतो त्याची यादीच दिली आहे: संयोग, वियोग, साहचर्य, विरोध, प्रयोजन, प्रकरण, खूण, दुसऱ्या शब्दाचं सान्निध्य, सामर्थ्य, औचित्य, देश, काल आणि आणखी काही. पुढच्या अलंकारशास्त्रकारांनी त्यांना उदाहरणं जोडली. हरी म्हणजे विष्णू, सिंह, वानर, इंद्र असे पुष्कळ. पण शंखचक्रासह म्हटलं की विष्णूच. राम आणि लक्ष्मण म्हटलं की दशरथाचा राम. राम आणि अर्जुन असे वैरी म्हणून एकत्र आले की तो राम परशुराम होतो आणि अर्जुन कार्तवीर्य. मी हे मुलांना सांगितलं तेव्हा तळेगावचा मुलगा म्हणाला, “मॅडम, ही तर जीआरईचीच स्ट्रॅटेजी आहे.” आहेच. वाक्यातला ‘बट’ किंवा ‘डिस्पाइट’ म्हणजे विरोध. शेजारी ‘अँड’नं जोडलेला शब्द म्हणजे साहचर्य. उतारा खगोलशास्त्राचा आहे की चित्रकलेचा, ते प्रकरण. क्वालिफाइडच्या आधी आलेला ‘पण’ आणि नंतर आलेलं विसर्गासारखं दोन टिंबांचं विरामचिन्ह, दोन्ही मिळून अर्थ ठरला. इंग्रजीत त्या दोन टिंबांपुढचा मजकूर बहुतेक वेळा मागच्याचं स्पष्टीकरण असतो; म्हणजे रिकाम्या जागेचं उत्तर परीक्षकानंच पुढे लिहून ठेवलेलं असतं.

विसाव्या शतकात हाच विचार इंग्रजी भाषाशास्त्रात रुजवला जे. आर. फर्थ यांनी. शब्दाला त्याच्या संगतीवरून ओळखावं, हे त्यांचं १९५७ मधलं म्हणणं भाषाशास्त्राच्या प्रत्येक वर्गात सांगितलं जातं. हे फर्थ तरुणपणी, १९१९ ते १९२८, लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. त्याच काळात मायकेल वेस्ट ढाक्याला शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात बंगाली मुलांना इंग्रजी वाचायला कसं शिकवावं यावर काम करत होते. क्रमिक पुस्तकांत नव्या शब्दांची इतकी गर्दी असते की मूल वाचतच नाही, नुसतं अडखळतं, हे त्यांना दिसलं. त्यांनी नवे शब्द विरळ केले, जुने पुन्हा पुन्हा आणले. आसपासचं कळत असेल तरच नव्या शब्दाचा अंदाज येतो, हे त्यांनी वर्गात बसून पाहिलं होतं.

फर्थ यांच्या म्हणण्याचा एक पुरावा मात्र मला अनपेक्षित ठिकाणी मिळाला. टोफेल या इंग्रजी चाचणीत पूर्वी समानार्थी शब्दांचे प्रश्न असत. १९९७ मध्ये टॉमस लँडाउअर आणि सुझन ड्युमे या संशोधकांनी त्यांतले ८० प्रश्न एका संगणकीय पद्धतीला दिले. त्या पद्धतीला शब्दकोश दिला नव्हता, व्याकरण शिकवलं नव्हतं. तीस हजारांवर नोंदींचा एक ज्ञानकोश तिच्यात घातला आणि कोणता शब्द कोणत्या शब्दांच्या सहवासात येतो एवढंच तिला मोजू दिलं. तिला ६४.४ टक्के उत्तरं बरोबर आली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या देशांतून अमेरिकी महाविद्यालयांत अर्ज करणाऱ्यांची सरासरी होती ६४.५ टक्के. नुसत्या शेजाराची मोजदाद करून यंत्र आपल्या मुलांच्या बरोबरीला आलं. आज ज्या यंत्रांशी मुलं दिवसभर बोलतात त्यांच्या वंशावळीत हा प्रयोग आहे.

आता घोळ कुठे होतो ते. टेबलाशी बसलेल्या मुलांना अवघड शब्द फारसे नडत नाहीत. अवघड शब्द त्यांना अवघड म्हणून माहीत असतात. नडतात ते आपल्या घरात राहणारे इंग्रजी शब्द. मराठीनं इंग्रजीतून शब्द घेतला की त्याची एकच खोली घेतली. बाकीचं घर तिकडेच राहिलं. आपल्याकडे सँक्शन म्हणजे मंजुरी: लोन सँक्शन झालं. इंग्रजीत सँक्शन मंजुरीही असते आणि शिक्षाही, आणि कोणती ते वाक्य ठरवतं. टेंडर म्हणजे आपल्याला निविदा. तिकडे राजीनामाही टेंडर करतात. ग्रॅव्हिटी म्हणजे न्यूटनचं सफरचंद. परीक्षेत ती प्रसंगाचं गांभीर्य असते. टेम्पर म्हणजे राग, पण टीका टेम्पर करणं म्हणजे तिची धार सौम्य करणं. इकॉनॉमी म्हणजे अर्थव्यवस्था, पण लेखकाच्या शैलीतली इकॉनॉमी म्हणजे शब्दांची काटकसर. अरेस्ट म्हणजे अटक, आणि अरेस्टिंग चित्र म्हणजे पाहणाऱ्याला जागच्या जागी थांबवणारं. माझ्या वहीत अशा शब्दांची चार पानं झाली आहेत. मुलांनी पहिल्या महिन्यात दुसरं काही न करता हे एवढे शब्द वाक्यात गाठले, तरी पुष्कळ झालं.

मराठीत हे त्यांना एका क्षणात कळतं, आणि म्हणूनच मी मराठीपासून सुरू करते. ‘काढणे’ घ्या. चित्र काढतो, झोप काढतो, कर्ज काढतो, पळ काढतो, कुणाची खोड काढतो, समजूत काढतो, चूक काढतो, वाईट दिवस काढतो. एवढे अर्थ कुणी यादी करून पाठ केले होते? आता उलट बाजूनं पाहा. कमी होणं ही एकच गोष्ट, पण पूर ओसरतो, ताप उतरतो, राग निवळतो, वारा पडतो, तहान भागते, गर्दी पांगते. ‘ताप ओसरला’ चालेल, ‘तहान पांगली’ म्हटलं तर चौथीतलं पोरही हसेल. इंग्रजी शब्दांनाही अशीच सोयरीक असते. अ‍ॅलेविएट आणि मिटिगेट, यादीत दोन्हींपुढे ‘कमी करणे, सौम्य करणे’. पण अ‍ॅलेविएटला वेदना, दारिद्र्य, दुःख हे सोबती आवडतात. मिटिगेटला धोका, नुकसान, परिणाम. गाळलेल्या जागेशेजारचं नाम वाचल्याशिवाय या दोघांतून निवड करता येत नाही.

एके ठिकाणी मात्र मराठी आडवी येते, तेही सांगायला हवं. आपण ‘जरी’ म्हटलं की ‘तरी’ येतो. वाक्याच्या दोन्ही टोकांना खुंटी असते आणि ऐकणारा दुसऱ्या खुंटीची वाट पाहतो. इंग्रजीत ‘ऑल्दो’ सुरुवातीला एकदाच येतो, पुढे ‘तरी’ नाही. मराठी मुलं लिहिताना ‘ऑल्दो’नंतर ‘बट’ घालतात, ती चूक आपल्या या खुंटीतून आली आहे. वाचताना याच्या उलट होतं: ‘तरी’ न आल्यामुळे वाक्यानं वळण घेतलं हेच लक्षात येत नाही आणि मूल नेमकं उलट्या अर्थाचा शब्द निवडतं. म्हणून आम्ही पहिले काही रविवार शब्दांना हात न लावता फक्त वळणं शोधतो. ऑल्दो, डिस्पाइट, फार फ्रॉम, ऑल्बीट, आणि सगळ्यांत लबाड तो ‘इफ’, जो कधीकधी ‘जर’ नसतो, ‘थोडासा का होईना’ असतो. वाक्यात बाण काढायचे: अर्थ इकडे चालला आहे की वळला. बाण बरोबर आला की पाचातले दोन-तीन पर्याय न वाचताच गळतात.

परीक्षेचं वाक्य आणि पुस्तकातलं वाक्य एक नसतं, हेही मुलांना सांगावं लागतं. इझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये दाखवलं की संदर्भ चार तऱ्हांचे असतात. काही अर्थाकडे बोट दाखवतात, काही साधारण दिशा देतात, काही काहीच सांगत नाहीत आणि काही चक्क चुकीच्या वाटेला लावतात. परीक्षेचं वाक्य पहिल्या तऱ्हेचं असतं. त्यात उत्तराचा पुरावा असलाच पाहिजे, कारण परीक्षकाला आपलं उत्तर सिद्ध करता यावं लागतं. कादंबरीकारावर असं बंधन नाही. त्यामुळे ‘नुसतं वाचत राहा, शब्द आपोआप येतील’ हा सल्ला मी देत नाही. अनेक प्रयोग एकत्र तपासून १९९९ मध्ये निघालेला निष्कर्ष असा की सहज वाचनात भेटलेल्या शंभर अनोळखी शब्दांपैकी सुमारे पंधराच वाचकाला थोडेफार उमगतात. आणि तेही आसपासचं कळत असेल तर. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांचा हिशेब सांगतो की कुणाच्या मदतीशिवाय इंग्रजी पुस्तक समजायला त्यातले ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, म्हणजे पन्नासात एकच अनोळखी. आणि त्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुळं माहीत हवीत. इंग्रजी पाचवीत सुरू झालेल्या मुलाला पहिल्याच दिवशी परदेशी नियतकालिकातला अग्रलेख देणं म्हणजे पोहता येत नसलेल्याला कृष्णेच्या डोहात सोडणं. तो शब्दांचा अंदाज करत नाही, बुडतो. त्याला आधी सोपं, कळणारं, आवडीचं हवं: क्रिकेटवरचं लिखाण, विज्ञानाची छोटी पुस्तकं, रहस्यकथा. यादीही मग पूर्ण टाकून द्यायची गरज नाही. चेहरा ओळखीचा असला की वाचताना तो माणूस दिसतो तरी.

माझ्या पद्धतीत फार काही नाही. प्रत्येकाची एक दोनशे पानी वही. शब्द भेटला की पूर्ण वाक्य उतरायचं, शब्दाच्या जागी रेघ, शब्द मागच्या पानावर. कुठे भेटला ते लिहायचं. त्याच्या शेजारी कोणती नामं, कोणती क्रियाविशेषणं आली ती लिहायची. त्याच शब्दाचं दुसरं वाक्य दुसऱ्या ठिकाणी सापडेपर्यंत तो शब्द ‘आला’ असं मानायचं नाही. आणि मग वही मिटून, तिसऱ्या दिवशी, आठवड्यानं, महिन्यानं ती रेघ स्वतः भरायची. रेघ भरण्याच्या या प्रकाराला इंग्रजीत क्लोझ म्हणतात. विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये एखादा मजकूर किती वाचनीय आहे ते मोजण्यासाठी ठरावीक अंतरावरचे शब्द गाळून वाचकाला ते भरायला दिले. अपुरी आकृती मन पूर्ण करतं या मानसशास्त्रातल्या कल्पनेवरून त्यांनी हे नाव घेतलं. बँकेच्या परीक्षा देणारी मुलं याच प्रश्नाला ‘क्लोज टेस्ट’ म्हणतात. त्यांच्याही कामाची ही वही आहे, आणि आमच्या सोसायटीतली एक मुलगी ती तशी वापरतेसुद्धा.

मला सगळ्यांत जास्त सांगायचं आहे ते मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना. ती माझ्याकडे येतात तेव्हा आपलं इंग्रजी कच्चं आहे हे पहिल्या वाक्यात सांगतात, माफी मागितल्यासारखं. मग त्यांना वाक्य दिलं, पर्याय झाकले आणि मराठीत लिहायला सांगितलं की त्यांचे शब्द बघावेत. ‘उसनं अवसान’, ‘तोंडदेखलं’, ‘आडपडदा न ठेवता’, ‘नाइलाजानं’, ‘धरसोडीचं’. इतकी बारीक छटा इंग्रजी माध्यमातली मुलं बऱ्याचदा पकडत नाहीत; ती ‘फेक’, ‘बॅड’, ‘ओके’ एवढ्यावर थांबतात. ज्याला ‘तोंडदेखलं’ सुचलं त्याला परफंक्टरी शिकवायला पाच मिनिटं लागतात. नुसतं ‘बॅड’ सुचणाऱ्याला पाच महिने लागू शकतात, कारण त्याला आधी छटा बघायला शिकायचं असतं. बाकी उरतो तो इंग्रजी शब्दांचा शेजार, आणि तो वहीनं, वाचनानं, वेळानं येतो.

गेल्या रविवारी उतारा होता एका शास्त्रज्ञावरचा. आपल्या सिद्धांतावर झालेल्या टीकेपुढे त्यानं आयुष्यात एकच कन्सेशन दिलं, असं त्यात होतं, आणि त्या शब्दाचा इथला अर्थ विचारला होता. तळेगावच्या मुलानं नेहमीसारखे पर्याय पासानं झाकले. दोनदा वाक्य वाचलं. मग थांबला आणि हाताखालच्या त्या पासाकडेच बघत राहिला. महिन्या-महिन्याला कॉलेजच्या ऑफिसातून फॉर्मवर शिक्का मारून, स्टेशनच्या खिडकीशी रांग लावून तो काढतो. त्या फॉर्मवर हाच शब्द छापलेला असतो.

“सवलत नाही इथं,” तो हळूच म्हणाला.

“मग?” भाचीनं विचारलं.

त्यानं समासात लिहिलं, ‘एक मुद्दा सोडला’. थोडा वेळ गेला. मग ‘सोडला’वर काट मारून त्यानं ‘मान्य केला’ लिहिलं, आणि पास उचलला.